वस्तू क्रमांक चौदा

जगात फार थोड्या जागा अशा असतात जिथे काळ थांबलेला असतो. आमच्या जिल्ह्यात तशी एक आहे. तिथे काळ सकाळी दहा ते संध्याकाळी पाच थांबलेला असतो, सोमवारी सुट्टी असते, आणि दुपारी एक ते दोन जेवणाची वेळ असते. हे सगळं फाटकावरच्या एकाच फलकावर लिहिलेलं आहे. वर मोठ्या अक्षरांत ‘येथे काळ थांबला आहे’ आणि खाली बारीक अक्षरांत वेळापत्रक.

वर्ध्याहून बसने तासाभरावर ही वसाहत आहे. इंग्रजांच्या एका कापूस कंपनीने ती आपल्या साहेबांसाठी बांधली. अकरा बंगले, एक चर्च, एक क्लब, दगडी पाण्याची टाकी आणि बंगल्यांच्या मागे, दिसू नयेत अशा बेताने, नोकरांच्या क्वार्टरच्या दोन रांगा. साहेब गेल्यावर कंपनी एका शेठजींकडे आली आणि माझे वडील तिथे माळी म्हणून लागले. माझा जन्म मागच्या रांगेतल्या तिसऱ्या क्वार्टरमधला. दहा वर्षांचा झालो तेव्हा आम्ही तिथून निघालो. पुढे कंपनी बंद पडली, बंगल्यांत कबुतरं राहायला आली, आणि आता अलीकडे एका संस्थेने सगळं रंगवून, डागडुजी करून तिथे तिकीट लावलं. बॅटरीवर चालणारी गाडी आहे, गाइड आहेत, आणि प्रत्येक वस्तूला क्रमांक आहे.

मी आयुष्यभर कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली. हजारो पुस्तकांवर क्रमांक चिकटवले. त्यामुळे क्रमांक चिकटला म्हणून एखादी गोष्ट खरी होते, यावर माझा विश्वास नाही. तिथे जायची मला हौस नव्हती. माझ्या भाच्याने मोबाइलवर दोन तिकिटं काढली आणि ती मला बोरगाव मेघेला घरी आणून दाखवली. एक माझं, एक त्याच्या आईचं.

“मामा, आईले घेऊन जा. तिचं मन लागत नाई घरात,” तो म्हणाला.

तिचं मन का लागत नाही ते मला माहीत होतं, आणि तिकीट कशाची भरपाई आहे तेही.

त्याची आई म्हणजे माझी मोठी बहीण. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. बाई पवनारला दिली. धाम नदीच्या काठाला त्यांचं शेत आहे. वांगी, भेंडी, पालक, चवळी, जे पिकेल ते वर्ध्याच्या बाजारात जातं. पण बाईची खरी ओळख लवकीची. वर्ध्यापलीकडे हिला दुधी म्हणतात. बाईची लवकी गोल पोटाची, आखूड मानेची, तांब्यासारखी बसकी. ते बी आमच्या मायचं. लग्नात बाईने माहेरून जे काही नेलं त्यात लुगड्याच्या घडीत बांधलेलं हे बी होतं, आणि त्यानंतर पन्नास वर्षं तिने ते दरवर्षी धरलं.

बी धरायची रीत साधी आहे. वेलावरची पहिली चांगली लवकी तोडायची नाही, पिकू द्यायची. मग बी काढायचं, ताज्या शेणात कालवायचं आणि भिंतीवर थापायचं. बोटं उमटलेली, तळहाताएवढी थापटी. ती भिंतीला वाळते, कीड लागत नाही, उंदीर शिवत नाही. पेरणीच्या वेळी भिंतीवरून काढायची, फोडायची, बी मोकळं.

गेल्या वर्षी भाच्याने जुनं मातीचं घर पाडून स्लॅबचं बांधलं. चांगलं बांधलं. बाई तेव्हा आठ दिवस लेकीकडे गेली होती. भिंत पडली तेव्हा त्या भिंतीवर सहा थापट्या होत्या. ट्रॅक्टरने मलबा नदीकाठच्या खड्ड्यात नेऊन टाकला. परत आल्यावर बाईने नव्या, पिस्ता रंगाच्या भिंतीवरून एकदा हात फिरवला आणि म्हणाली, “इथं शेण बसत नाई.”

त्या वर्षी तिने लवकी लावली नाही. गावात दोन-तीन घरी मायचं बी गेलं होतं, ती तिकडे जाऊन आली. सगळ्यांनी दुकानातून आणलेल्या बियाण्याची पाकिटं दाखवली.

तर अशी आम्ही बहीण-भाऊ एका डिसेंबरच्या सकाळी, दहा वाजता, थांबलेल्या काळाच्या फाटकाशी उभी होतो.

गाइड तिशीतली मुलगी होती. निळी साडी, गळ्यात ओळखपत्र, हातात छत्री उंच धरलेली, म्हणजे आम्ही हरवू नये. आम्ही आठ जण होतो आणि मैदान मोकळं होतं.

“आजी, सावकाश या,” ती बाईला म्हणाली.

“आजी काऊन म्हणते व? मावशी म्हण,” बाई म्हणाली.

मुलगी हसली आणि मग पुन्हा पुस्तकी मराठीत गेली. तिचं मराठी इतकं शुद्ध होतं की मला संशय आला. असं मराठी आमच्याकडे फक्त पाठ केलेलं असतं.

तिने आम्हाला क्लब दाखवला. भिंतीवरचं घड्याळ चार वाजून दहा मिनिटांवर बंद होतं. शेवटचा गोरा अधिकारी वसाहत सोडून गेला ती ही वेळ, असं तिने सांगितलं, आणि दोघांनी फोटो काढले. आम्ही राहत होतो तेव्हा ते घड्याळ सव्वासातला बंद होतं. पुढे मोठ्या बंगल्यात एक पांढरा न्हाणीचा टब होता, वाघाच्या पंजाच्या पायांचा, इंग्लंडहून बोटीने आणलेला. ते खरं असेल. माझ्या लहानपणी तो बंगल्यामागे कडुनिंबाखाली होता आणि त्यातून मॅनेजरची म्हैस पाणी पीत असे.

“मशीचं टाकं कोठी आणून ठेवलं पाय,” बाई माझ्या कानात म्हणाली. तिचं कानातलं बोलणं चर्चपर्यंत ऐकू जातं. गाइडने ओठ दाबून धरले आणि पुढच्या वस्तूकडे वळली.

शेवटी आम्हाला क्वार्टरच्या रांगेत नेलं. तिसऱ्या क्वार्टरला मखमली दोरी लावलेली होती. आत एक चूल, एक पितळी लोटा, एक कंदील. आमच्याकडे पितळी लोटा नव्हता. मागच्या भिंतीवर काचेची पेटी बसवलेली होती, तिच्यावर वरून पिवळा दिवा सोडलेला, आणि आत, भिंतीला चिकटलेल्या, चार शेणाच्या थापट्या.

“वस्तू क्रमांक चौदा,” गाइड म्हणाली. “शंभर वर्षांपूर्वी इथल्या नोकरवर्गाने दृष्ट लागू नये म्हणून केलेली ही मृण्मय अलंकरणं. पाच बोटांचा ठसा म्हणजे पंचमहाभूतांचं प्रतीक.”

एका गृहस्थाने पंचमहाभूतं मोजली. त्यांची चारच भरली.

बाई दोरीपर्यंत गेली. मग दोरीखालून वाकून आत गेली. गाइड काही म्हणायच्या आत तिने काचेवर हात ठेवला, बोटं फाकवून, एका थापटीच्या बरोबर वर.

“बी हाये याच्यात,” ती म्हणाली. “लवकीचं. मायच्या हातचं.”

“मावशी, काचेला हात नका लावू, प्लीज.”

“ही पाय भाऊ, करंगळी. मायची करंगळी आखूड होती.”

मी पाहिलं. करंगळी आखूड होती. करंगळी सगळ्यांचीच आखूड असते. शिवाय मला पक्कं आठवत होतं की वडील दर दिवाळीला ती भिंत चुन्याने रंगवत, आणि रंगवण्याआधी खरवडत. आमच्यानंतर त्या खोलीत निदान चार कुटुंबं राहिली. शेवटचा चौकीदार संस्था येईपर्यंत तिथे बायकोपोरांसह राहत होता. शंभर वर्षं तर सोडाच, त्या भिंतीवर दहा वर्षांपूर्वीचं काही टिकलं असेल तर तो चमत्कार. आणि टिकलं असतं तरी साठ वर्षांचं बी उगवत नाही.

हे मी बसमध्ये परत येताना तिला समजावून सांगितलं. खिडकीकडे तोंड करून तिने सगळं ऐकून घेतलं.

“तू लायब्ररीत नोकरी केली न?” ती म्हणाली.

“हो.”

“मंग तुले भिंतीचं काय मालूम?”

वर्ध्याच्या बसस्टँडवर उतरताना ती म्हणाली, “अर्ज लिहजो. तुले येते.”

मी अर्ज लिहिला. नोकरीत मी शेकडो अर्ज लिहिले, पण भिंतीवरच्या शेणातलं बी परत मिळण्याबाबत असा विषय कधी लिहिला नव्हता. एक थापटी फोडण्याची परवानगी मिळावी, बाकी तीन आपल्याकडे राहतील, पंचमहाभूतांना बाध येणार नाही. शेवटचं वाक्य मी खोडलं. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. आपला अर्ज समितीपुढे ठेवण्यात येईल, संरक्षित वस्तूंची मोडतोड करता येत नाही, आपल्या आस्थेबद्दल आभार. सोबत पुढच्या भेटीसाठी सवलतीचं कूपन.

कूपन घेऊन आम्ही पुन्हा गेलो. बाईने या वेळी क्लबमध्ये, चर्चमध्ये, टबापाशी कुठेही वेळ घालवला नाही. ती ओळीने सगळ्यांच्या पुढे चालत होती आणि गाइडची छत्री तिच्या मागून येत होती. क्वार्टरमध्ये ती काचेसमोर उभी राहिली आणि खाली बोट दाखवलं. पेटीच्या तळाशी, पिवळ्या दिव्याखाली, वाळवी लागल्यावर पडते तशी भुरभुरीत मातीची एक रेघ होती.

“उधई लागली,” बाई म्हणाली. “हे तुमचे लोकं पाहत नाई काय?”

गाइडने इकडेतिकडे पाहिलं. बाकीचे पाहुणे लोट्याचे फोटो काढत होते.

“मावशी, म्या पयल्याच दिवशी सांगतलं होतं,” ती हळू म्हणाली. शुद्ध मराठी कुठच्या कुठे गेलं होतं. “आमच्या घरी बी माय अशीच थापते. तळेगावले. म्या साहेबाले म्हटलं, सर, हे बियाणं आहे. ते म्हणाले, मॅडम, तुम्ही कागदावरचं वाचा.”

“मंग?”

“मंग काय, वाचून राह्यली.”

मग बाईने विचारलं, “काच कधी पुसता व?”

“सोमवारी. बंद राह्यते त्या दिवशी. आतून पुसतो आम्हीच.”

यापुढे दोघींनी काय बोलणं केलं ते मला माहीत नाही. मला बॅटरीच्या गाडीत बसवून ठेवण्यात आलं होतं. एवढं नक्की की संस्थेची कुठलीही वस्तू कुणी फोडली नाही. जे झालं ते उधईने केलं, आणि गाइडने फक्त केर काढला. दुसऱ्या मंगळवारी वर्ध्याच्या बसस्टँडवर, रसवंतीच्या बाकड्यावर तिने बाईच्या हातात एक पुडी ठेवली. संस्थेच्या रंगीत माहितीपत्रकाची पुडी होती. आत सात बिया.

“कोणाले सांगू नका, मावशी.”

“मी काऊन सांगू? मले काय नोकरी करायची हाये तिथं?”

बाईने बिया तळहातावर घेतल्या, एकेक करून उलटसुलट केल्या, दाताखाली हलकेच दाबून पाहिल्या. लवकीचं बी होतं यात शंका नाही. मी जवळ वाकून बघत होतो. मी संशयी माणूस आहे, पण त्या क्षणी मला त्या बियांवर वय लिहिलेलं दिसेल असं वाटलं होतं.

संक्रांतीनंतर तिने त्या लावल्या. विहिरीच्या कडेला सात आळी केली, शेणखत घातलं, काट्याकुट्यांचं कुंपण केलं. भाच्याने मांडव स्वतः बांधून दिला, न सांगता. तो दोन दिवस बांबू तोडत होता आणि आईकडे बघतही नव्हता. आठ-दहा दिवसांनी बाईचा फोन आला.

“चार निंघाले,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. साठ वर्षांचं बी उगवत नाही, हे मी तिला सांगितलं होतं. ते उगवलं तेव्हा त्यातून एकच अर्थ निघतो, तो म्हणजे ते साठ वर्षांचं नाही. मला हे कळायला एक मिनिटही लागू नये. पण मी दर रविवारी बोरगाव मेघेहून पवनारला जायला लागलो. वेलापाशी उभा राहून पानं मोजायला लागलो. मायची करंगळी खरंच इतरांपेक्षा आखूड होती का, हे आठवायचा प्रयत्न करायला लागलो, आणि मला ती अधिकाधिक आखूड आठवायला लागली.

बातमी फुटली. गाइडने फोडली नसावी. बाईनेच बाजारात कुणाला तरी सांगितलं असावं, कारण बाजारात ती काही सांगत नाही असं गावात कुणीही म्हणणार नाही. एक दिवस संस्थेचे साहेब पवनारला आले. माझ्या मनात आधी चोरीचा गुन्हा आला. पण साहेब खूश होते. त्यांनी सोबत फोटोग्राफर आणला होता. बाईला वेलाशेजारी उभं केलं, डोक्यावरचा पदर नीट घ्यायला सांगितला, मग परत थोडा विस्कटायला सांगितला.

“आजी, तुम्ही इतिहास जिवंत केला,” साहेब म्हणाले.

“मावशी म्हणा,” बाई म्हणाली.

“हे शंभर वर्षांपूर्वीचं बियाणं आहे, याची कल्पना आहे ना तुम्हाला?”

बाईने माझ्याकडे पाहिलं. मी सांगू शकलो असतो. चुना, दिवाळी, चौकीदार, सगळं माझ्याकडे तयार होतं. तीन महिन्यांपासून तयार होतं. पण वेल मांडवावर चढला होता आणि त्याला पांढरी फुलं आली होती, आणि फुलांखाली बोराएवढ्या दोन लवक्या धरल्या होत्या, ज्यांचा आकार अजून कळत नव्हता. मी म्हणालो, “फुलं छान आलीत.” साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं.

पंधरा दिवसांत क्वार्टर नंबर तीनमध्ये नवा फलक लागला. पितळी. ‘शतकाच्या निद्रेतून जागलेला वेल’, असं वर, आणि खाली बाईचा फोटो, पदर विस्कटलेला. गाइडचा फोन आला होता. तिला नवा कागद दिला होता, आणि तो आधीच्यापेक्षा लांब होता.

चैत्रात एका सकाळी मी पवनारला पोचलो तेव्हा बाई मांडवाखाली बसली होती. उन्हं तापायला लागली होती. वेलावर पाच-सहा लवक्या लोंबत होत्या. हिरव्यागार, तुकतुकीत, हातभर लांब, आणि वरपासून खालपर्यंत सारख्या सरळ. पोट नाही, मान नाही. कृषी केंद्राच्या दारात टांगलेल्या पाकिटावर जे चित्र असतं, तंतोतंत ते.

मोजायला आता काही उरलं नव्हतं.

“पाकिटाची हाये,” बाई म्हणाली.

“हो.”

“कोणं तरी पाकिटाच्या लवकीचं बी धरलं होतं.” तिला राग कशाचा आला होता ते मला हळूहळू कळलं. “पाकिटाचं बी कोणी धरते काय? एवढं कळत नाई लोकाईले. धरायचं कष्ट घेतलं, शेणात थापलं, न् कायचं धरलं तं पाकिटाचं.”

चौकीदाराची बायको असेल, मी म्हणालो. तिला सवय असेल, माहेरची. हाताला सवय असली की हात थापतो, समोर काय आहे ते पाहत नाही.

बाईने त्यावर मान हलवली. मग म्हणाली, “मायचं आता नाई भेटत.” पाऊस येणार नाही, असं म्हणावं तसं म्हणाली. भाचा विहिरीवर मोटर सुरू करत होता, तो तिथेच थांबला. तिने त्याला हाक मारली आणि विळा मागितला.

“दोन तोड. मामा जेवून जाईन.”

“बाकीच्या?” भाच्याने विचारलं.

“बाजारात पाठवजो. सरळ लवकीले गिऱ्हाईक जास्त राह्यते.”

फलक अजून आहे. मागच्या महिन्यात एक शाळेची सहल तिथे गेली, आणि मुलांनी वेलाबद्दल वहीत टिपून घेतलं, असं गाइडने सांगितलं. क्लबातलं घड्याळही दुरुस्त झालंय म्हणे. ते आता नऊ वाजून वीस मिनिटांवर बंद असतं.

त्या दिवशी बाईने लवकीची भाजी चणाडाळ घालून केली. कडू नव्हती.